बटण दाबलं एक, सांधे हलले तीन

"सर, काल रात्रीपर्यंत मस्त चालत होता. आता खांद्याचं बटण दाबलं की तळ फिरतो, कोपर उडतं, चिमटा उघडतो. आणि मधेच कुणी काही न दाबताही हात वर जातो."

हा फोन मला दर वर्षी येतो. विज्ञान प्रदर्शनाचे दिवस जवळ आले की आठवड्यातून दोनदाही येतो. शाळा वेगळी, मुलं वेगळी, रोबो मात्र तोच. सनबोर्ड कापून केलेला हात, त्यात एसजी९० जातीचे चार निळे सर्व्हो (सांगितलेल्या कोनावर जाऊन थांबणाऱ्या मोटरी), त्यांना हुकूम देणारा आर्डुइनो उनो हा छोटा बोर्ड, आणि दोन मीटर रिबन वायरच्या टोकाला साबणाच्या डबीत बसवलेली आठ बटणं. तळ, खांदा, कोपर, चिमटा अशा प्रत्येक सांध्याला दोन-दोन, एक पुढे न्यायचं आणि एक मागे आणायचं. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनमधून २०१६ पासून शाळाशाळांत टिंकरिंग लॅब आल्या, तेव्हापासून सहावी ते बारावीच्या मुलांच्या हातात हे सामान सहज येतं. ही फार चांगली गोष्ट झाली. पण सामान सगळीकडे सारखं, म्हणून दुखणीही सगळीकडे सारखीच.

मी पोचेपर्यंत मुलांनी लॅपटॉप उघडलेला असतो आणि त्यात 'हात_फायनल', 'हात_फायनल२', 'हात_खरंच_फायनल' अशा फायली तयार असतात. डिले, म्हणजे कोडमधला थांबायचा वेळ, १५ चा २० केलेला असतो, मग ५० केलेला असतो. मी आधी लॅपटॉप बंद करायला सांगतो. कोडमध्ये चुका असतातच, त्यांच्याकडे येऊ. पण काल चालणारा कोड आज बिघडत नाही. काल आणि आजमध्ये सेल उतरलेले असतात, वायर ढिली झालेली असते, नाहीतर हाताला जाड पुठ्ठा चिकटवलेला असतो.

आधी ठरवा: हुकूम चुकतोय की ताकद कमी पडतेय

सर्व्हो हा आज्ञाधारक प्राणी आहे. त्याच्या पोटात छोटी मोटर, गिअर आणि बाहेरच्या दांड्याबरोबर फिरणारा एक पोटेंशिओमीटर, म्हणजे फिरवला की रोध बदलणारा भाग, असतो. उनोकडून त्याला दर २० मिलिसेकंदांनी एक पल्स, म्हणजे विजेचा छोटा ठोका, येतो. पल्स दीड मिलिसेकंद रुंद असेल तर दांडा मधोमध, त्याहून अरुंद असेल तर एका बाजूला, रुंद असेल तर दुसऱ्या बाजूला. पोटेंशिओमीटर सांगतो आत्ता कुठे आहोत, पल्स सांगतो कुठे जायचंय, आणि फरक मिटेपर्यंत मोटर फिरते. बस्स. म्हणजे सर्व्हो वेड्यासारखा वागला तर दोनच शक्यता उरतात: त्याला हुकूमच वेडावाकडा मिळतोय, किंवा हुकूम बरोबर आहे पण तो पाळायला लागणारा करंट मिळत नाहीये. या दोन्हींची लक्षणं वरून एकसारखी दिसतात, दोन्हीत हात थरथरतो. म्हणून अंदाज बांधायचा नाही, दोन्ही बाजू वेगळ्या करून बघायच्या.

हुकूम तपासायचा तर चारही सर्व्होंचे प्लग उपसून बाजूला ठेवा. बोर्ड फक्त यूएसबीवर चालवा, आणि आठही बटणांची स्थिती एका ओळीत आठ आकडे म्हणून सीरियल मॉनिटरवर (बोर्डाने पाठवलेला मजकूर लॅपटॉपवर दाखवणारी खिडकी) छापणारा चार ओळींचा कोड टाका. बटणं पुलअपवर (म्हणजे न दाबलेली पिन रेझिस्टरने ५ व्होल्टकडे ओढून धरलेली, त्याच्याकडे पुढे येऊ) असतील तर कुणी काही दाबलेलं नसताना आठ वेळा १ दिसलं पाहिजे. एक बटण दाबलं की बरोबर एकाच जागी ० यायला हवा. आता रिबन वायर हलवा, बोटांनी चिमटीत धरा, खोलीतली ट्यूबलाइट चालू-बंद करा. कुठलाही आकडा आपोआप फडफडला तर दोष हुकमात आहे आणि सर्व्होचा काही गुन्हा नाही.

आकडे दगडासारखे स्थिर असतील तर उलटं करा. बटणं काढा, सर्व्होच्या लायब्ररीबरोबर (सर्व्हो चालवायचा तयार कोड) येणारं 'स्वीप' हे उदाहरण टाका आणि आधी एकच सर्व्हो लावा. मग दोन, मग तीन, मग चार. एकटा असताना छान डोलणारा सर्व्हो तिसरा भाऊ जोडल्यावर थरथरायला लागला, तर ताकद कमी आहे हे सिद्ध झालं.

आणि एक छोटी युक्ती, जिच्यामुळे माझे अनेक शनिवार वाचले. कोडच्या सेटअपमध्ये, म्हणजे बोर्ड सुरू होताना एकदाच चालणाऱ्या भागात, सीरियलवर "सुरू झालो" एवढं छापा. मॉनिटर उघडताना उनो एकदा रिसेट होतो, त्यामुळे पहिल्यांदा ती ओळ येणारच. पण बटण दाबल्यावर ती पुन्हा आली तर बोर्ड मधेच मरून परत जिवंत झाला आहे.

शीर्षकातलं कोडं इथेच सुटतं. खांद्याच्या सर्व्होने हात उचलायला एकदम करंट ओढला, व्होल्टेज बसलं, बोर्ड रिसेट झाला. क्षणभर सगळं निपचित. मग कोड पहिल्यापासून सुरू झाला, चारही सर्व्हो अॅटॅच झाले, म्हणजे कोडने त्यांना आपापल्या पिनशी जोडलं, आणि लायब्ररी अॅटॅच झाल्याबरोबर दुसरं काही सांगेपर्यंत दीड मिलिसेकंदाचा पल्स पाठवते, म्हणजे ९० अंश. सगळे सांधे एकदम मधोमध उडी मारतात. मुलांना वाटतं, एका बटणाने तीन सांधे हलवले. आधी शांतता आणि मग सामूहिक उडी दिसली, तर बटणांच्या वायरी तपासत बसू नका. थेट बॅटरीकडे जा.

ताकद

दहा रोबोंपैकी सात-आठ इथेच बरे होतात, असा माझा अनुभव.

एसजी९० दिसतो नऊ ग्रॅमचा, पण त्याची भूक मोठी. नुसता उभा असताना काही मिलिअँपिअर, मोकळा फिरताना शंभर ते अडीचशे, आणि अडकला किंवा जोर लावायला लागला की सहाशे-सातशे मिलिअँपिअर. चौघांनी एकदम जोर लावला तर अडीच अँपिअरच्या वर जातो. आता उनोकडे बघा. लॅपटॉपच्या साध्या यूएसबी पोर्टचं माप ५०० मिलिअँपिअर, आणि बोर्डावर त्या मार्गात बसवलेला फ्यूजही तेवढाच. एक सर्व्हो बोर्डाच्या ५ व्होल्ट पिनवर चालतो म्हणून मुलं चारही तिथेच लावतात. मग एकेक बटण दाबलं तर जेमतेम निभावतं, पण दोन बटणं एकत्र दाबली की बोर्ड राम म्हणतो.

मग कुणीतरी सांगतं, बाहेरची बॅटरी लाव. आणि नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी येते. स्मोक अलार्मसाठी, मल्टिमीटरसाठी ती उत्तम. मोटरसाठी कुचकामी. तिच्या आत सहा बारीक सेल एकापाठोपाठ एक असतात, आतला रोध जास्त, आणि अल्कलाइन असली तरी एकूण साठा साधारण ५०० मिलिअँपिअर-तास. पाऊण अँपिअर मागितलं की नऊचे सहा होतात. शिवाय ती उनोच्या गोल जॅकला लावली तर वरचे चार व्होल्ट बोर्डावरचा रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज ५ वर आणणारा भाग, उष्णता करून उडवतो. अर्धा अँपिअर ओढला तर दोन वॅट. बोट लावून बघा, चटका बसेल. फार तापला की तो स्वतःच बंद पडतो, निवला की परत सुरू होतो. "दहा मिनिटं चालतो, मग थांबतो, मग परत चालतो" ही तक्रार ऐकली की मी आधी तो रेग्युलेटर चाचपतो.

सरळ उपाय असा. सर्व्होंना वेगळा पुरवठा द्या. चार पेन्सिल सेलचा होल्डर हा सगळ्यात सोपा: साधे अल्कलाइन असतील तर ६ व्होल्ट, चार्ज होणारे असतील तर ४.८, आणि एसजी९० ला ४.८ ते ६ हेच हवं असतं. चार सर्व्हो आणि दिवसभराचं प्रदर्शन असेल तर १८६५० जातीचे दोन लिथियम सेल आणि मध्ये व्होल्टेज कमी करणारं एलएम२५९६ चं बक कन्व्हर्टर मॉड्यूल. पण दोन सेल पूर्ण चार्ज असताना ८.४ व्होल्ट देतात, ते थेट सर्व्होला लावले तर तो कायमचा जाईल. मॉड्यूलवरचा छोटा स्क्रू फिरवून मल्टिमीटरवर ५ येईपर्यंत सर्व्हो जोडूच नका. नवं मॉड्यूल कशावर सेट होऊन आलंय, ते बघितल्याशिवाय कळत नाही. यात एका गटाचे तीन सर्व्हो एका मिनिटात गेले आहेत, आणि मी शेजारीच चहा पीत उभा होतो.

मोबाइलचा ५ व्होल्ट, २ अँपिअरचा चार्जर टेबलावरच्या कामाला चांगला. पॉवर बँकेची मात्र एक खोड आहे. करंट फारच कमी ओढला जात असेल तर तिला वाटतं फोन चार्ज झाला, आणि ती झोपी जाते. परीक्षक येईपर्यंत रोबो शांत उभा, आणि परीक्षक आले की मेलेला.

चाकांसाठी एल२९८एन मोटर ड्रायव्हर लावलेला असेल तर त्याच्यावरच्या ५ व्होल्टच्या स्क्रूतून सर्व्हो चालवायचा मोह सगळ्यांना होतो. तो पुरवठाही बोर्डावरच्या छोट्या रेग्युलेटरचाच असतो, अर्ध्या अँपिअरचा. चिमट्याचा एक सर्व्हो चालेल, अख्खा हात नाही.

वेगळा पुरवठा लावताना दोन गोष्टी. सर्व्होच्या पुरवठ्याचा प्लस उनोच्या ५ व्होल्टला जोडायचा नाही, दोन पुरवठे एकमेकांत मिसळायचे नाहीत. पण मायनस मात्र उनोच्या ग्राउंडला जोडायचाच. हे विसरणं ही माझ्या यादीतली दोन नंबरची चूक. उनो म्हणतो "मी ५ व्होल्टचा पल्स पाठवला". कशापासून ५ व्होल्ट? गडाची उंची पायथ्यापासून मोजायची की समुद्रसपाटीपासून हे दोघांनी ठरवलं नसेल तर आकड्याला अर्थ नाही. ग्राउंड वेगळे असले की सर्व्हो कधी मुळीच हलत नाही, कधी पिसाळतो, आणि वायरीला हात लावला की वागणं बदलतं. तपकिरी वायर ग्राउंड, लाल प्लस, नारिंगी हुकमाची. सगळ्या तपकिरी वायरी, पुरवठ्याचा मायनस आणि उनोचा ग्राउंड एका जागी भेटले पाहिजेत.

ती जागा ब्रेडबोर्डाची (डाग न देता वायरी खोचायची भोकांची पाटी) कडेची पट्टी असेल तर निळी रेघ मध्ये तुटलीय का बघा. लांब ब्रेडबोर्डांपैकी काहींची पट्टी मधोमध दोन तुकड्यांत असते. डावीकडचे दोन सर्व्हो चालतात, उजवीकडचे नाहीत, आणि मुलं उजवीकडचे सर्व्हो बदलत बसतात. एक छोटा जंपर टाकला की झालं.

मग कपॅसिटर. ४७० किंवा १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा, सर्व्होंच्या पुरवठ्याच्या प्लस-मायनसमध्ये, सर्व्होंच्या शक्य तितका जवळ. ज्या बाजूला पट्टा छापलेला असतो ती मायनस. उलटा लावला तर फुटतो. अचानक लागणारा करंट तो क्षणभर पुरवतो, त्यामुळे बारीक थरथर थांबते. मात्र अशक्त बॅटरी कपॅसिटरने सशक्त होत नाही. पातळ आमटीला वरून फोडणी दिल्यासारखंच ते.

"पण सर, मीटरवर तर ४.९ दिसतंय!" दिसणारच. मल्टिमीटर सावकाश मोजतो, व्होल्टेजची बुडी काही मिलिसेकंदांची असते. उनोवरची मुख्य चिप, एटीमेगा३२८पी कंट्रोलर, व्होल्टेज २.७ च्या आसपास खाली गेलं की स्वतःच रिसेट होते, आणि तेवढ्यात मीटरचा काटाही हलत नाही. त्यापेक्षा बोर्डावरच्या हिरव्या दिव्याकडे बघा. बटण दाबताक्षणी तो मिचकावला तर मीटरपेक्षा तो खरं बोलतोय.

हुकूम: बटणाची बाजू

एका शाळेत रोबोचा हात पंखा लावला की उचलला जायचा. शिपाईकाका म्हणाले, भूत आहे. विज्ञानाच्या सरांनी पंख्याचा रेग्युलेटर बदलून घेतला. नववीतल्या एका मुलीने मात्र शांतपणे वहीत लिहून ठेवलं होतं: पंखा चालू करताना, ट्यूबलाइट पेटताना आणि कुणी रिबन वायर ओलांडून गेलं की हात हलतो, लॅपटॉपजवळच्या टेबलावर छोट्या वायरींनी जोडला होता तेव्हा हलत नव्हता. मला कोड बघायची गरजच उरली नाही.

बटण दाबलेलं नसतं तेव्हा त्या पिनला काय जोडलेलं असतं? तिच्या रोबोत काहीच नव्हतं. बटणाचं एक टोक पिनला, दुसरं ग्राउंडला, आणि कोडमध्ये पिनचं काम ठरवणाऱ्या पिनमोडमध्ये नुसतं 'इनपुट'. दाबल्यावर ०, ते बरोबर. सोडल्यावर पिन अधांतरी. अधांतरी पिनला दोन मीटर वायर जोडली म्हणजे तो अँटेनाच झाला. आसपासच्या विजेच्या वायरींचा, स्विचच्या ठिणगीचा, माणसाच्या अंगाचा परिणाम तिला दाबल्यासारखा वाटतो. इलाज एका शब्दाचा: 'इनपुट'च्या जागी 'इनपुट पुलअप'. मग कंट्रोलरच्या आतला २० ते ५० किलोओहमचा रेझिस्टर पिनला ५ व्होल्टकडे ओढून धरतो. आता सोडलेलं म्हणजे १ आणि दाबलेलं म्हणजे ०, हे कोडमध्येही उलटवायला विसरू नका. नाहीतर हात न दाबता पळतो आणि दाबल्यावर थांबतो, तेही मी पाहिलंय.

तिच्या दोन मीटरच्या वायरीला मात्र आतला पुलअप थोडा दुबळा पडला, कारण रिबन सर्व्होच्या वायरींबरोबर एकाच वेणीत गुंफली होती. प्रत्येक बटणाच्या पिनवर बाहेरून ४.७ किलोओहमचा रेझिस्टर ५ व्होल्टकडे लावला आणि रिबन वेगळी काढली. भूत गेलं.

बटणाचे चार पाय हाही एक सापळा. चारपैकी दोन-दोन पाय आतून कायमचे जोडलेले असतात. चुकीच्या जोडीला वायर लावली तर बटण कायम दाबलेलंच दिसतं. कुठले जोडलेले, कुठले नाहीत, हे पाठ करू नका. तिरके समोरासमोरचे दोन पाय वापरा, बटण कसंही बसवलं तरी ते बरोबरच असतात.

आणि हा खास आठ बटणं, चार सर्व्होवाल्यांसाठी. बारा पिना हव्यात. ० आणि १ सीरियलच्या, म्हणून त्या सोडून २ ते १३ मोजल्या तर बरोबर बारा होतात, आणि शेवटचं बटण १३ वर जातं. १३ नंबरवर बोर्डावरचा छोटा दिवा बसवलेला असतो. बऱ्याच बोर्डांवर पुलअप लावला तरी तो दिवा आणि त्याचा रेझिस्टर पिनला खाली ओढून धरतात, ती १.७ व्होल्टच्या आसपास लटकते आणि कायम ० वाचते. म्हणजे आठवं बटण सतत दाबलेलं. चिमटा मिटतच राहतो आणि उघडत नाही. ते बटण ए० वर न्या. अॅनालॉग म्हणून छापलेल्या पिना बटणासाठी खुशाल चालतात. सर्व्होला नागमोडी खुणेचीच (~ छापलेली) पिन लागते हाही गैरसमज आहे, लायब्ररी कुठल्याही डिजिटल पिनवर पल्स काढते. मात्र उनोवर ही लायब्ररी आली की ९ आणि १० वर अॅनालॉगराइट, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करायची आज्ञा, चालत नाही. चाकांचा वेग तिथून सांभाळत असाल तर सर्व्हो जोडल्या दिवसापासून चाकं रुसतात. वेगाच्या वायरी ५ आणि ६ वर न्या.

कोडमधला कोन

आता लॅपटॉप उघडा.

बटण धरून ठेवलं की सांधा हळूहळू सरकावा, असा कोड बहुतेक जण लिहितात: बटण दाबलेलं असेल तर कोनात एक मिळवा, सर्व्होला सांगा, १५ मिलिसेकंद थांबा. चालतो. पण कोनाला कुंपण घातलेलं नसतं. मुलाने बटण धरून ठेवलं, सांधा १८० वर पोचून थांबला, पण आतला आकडा १८१, २००, २५० असा पळतच राहतो. मग उलटं बटण दाबलं तर सर्व्हो ढिम्म. आकडा २५० वरून १८० पर्यंत परत येईपर्यंत काहीच होणार नाही. "मागचं बटण कधी चालतं, कधी नाही" ही तक्रार निम्म्या वेळा हीच असते, आणि तोवर बिचारं बटण दोनदा बदललेलं असतं.

याच्या पुढची मजा आणखी बघण्यासारखी. बटण सोडलंच नाही, आणि आकडा ५४४ झाला. सर्व्हो अचानक एका टोकावरून दुसऱ्या टोकावर फाडकन जातो. का? लायब्ररीला दिलेला आकडा ५४४ पेक्षा लहान असेल तर ती त्याला अंश समजते आणि १८० वर अडवते. ५४४ किंवा जास्त असेल तर ती त्याला मायक्रोसेकंदांतली पल्सची रुंदी समजते, आणि ५४४ मायक्रोसेकंद म्हणजे तिच्या हिशोबात शून्य अंश. टोकाला पोचल्यावर साधारण साडेपाच सेकंदांनी हे घडतं. प्रात्यक्षिक देताना मूल बोलायच्या नादात बटण धरून ठेवतं, आणि हात परीक्षकांच्या चष्म्याकडे झेप घेतो. आकडा बाइट प्रकारात (यात ० ते २५५ एवढंच मावतं) ठेवला असेल तर खालच्या बाजूला तसंच: शून्यातून एक वजा केला की २५५, आणि सर्व्हो ० वरून थेट १८० वर.

औषध: कोन इंट (ऋण आकडेही मावणारा प्रकार) ठेवा आणि प्रत्येक वेळी कन्स्ट्रेनने, म्हणजे आकडा हद्दीत ठेवणाऱ्या आज्ञेने, बांधा. आणि ० ते १८० नको, १० ते १७० ठेवा. स्वस्त सर्व्होंना टोकाचे अंश गाठता येत नाहीत, ते आतल्या अडसराला डोकं टेकवून गुणगुणत बसतात, तापतात आणि बॅटरी खातात. कुणी हलत नसताना गुंईं असा आवाज येत असेल तर बहुधा हेच.

चिमट्यासाठी बरेच जण एकच बटण ठेवतात: एकदा दाबलं की मिटेल, परत दाबलं की उघडेल. मग एका दाबण्यात चिमटा फडफडतो. मुलं लगेच "डीबाउन्स, डीबाउन्स" म्हणतात, म्हणजे बटणाची उसळी कोडने गाळा. बटणाची पत्री बसताना काही मिलिसेकंद उसळते हे खरं, पण त्याच्या आधी हे बघा की तुमचा लूप सेकंदाला हजारो वेळा फिरतोय आणि बोट दाबलेलं असेपर्यंत प्रत्येक फेरीत मिट-उघड-मिट-उघड करतोय. दाबलेलं आहे का, हे विचारू नका. आत्ताच दाबलं गेलं का, म्हणजे मागच्या फेरीत १ होतं आणि आता ० झालं का, ते विचारा. मग ३० मिलिसेकंद दुर्लक्ष करा. सरकणाऱ्या सांध्यांना याची काही गरज नाही.

एका सांध्याची हालचाल फॉर लूपमध्ये डिले टाकून केली असेल तर ती संपेपर्यंत बाकीची बटणं कुणी ऐकत नाही. मिलीज (बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणारी आज्ञा) वापरून दर १५ मिलिसेकंदांनी आठही बटणं एकदा बघा आणि चारही कोन एकेक पाऊल सरकवा. कोड लहानही होतो. आणि चालू करताना बसणारी उडी कमी करायची असेल तर अॅटॅच करण्याच्या आधी राइटने तो कोन सांगा, ज्या स्थितीत तुम्ही हात ठेवून बंद करता. पहिली हालचाल पूर्ण वेगानेच होते, कारण दांडा कुठे आहे हे उनोला कधीच कळत नसतं. बंद करताना हात नेमका त्याच स्थितीत ठेवायची सवय लावा.

हात जड झालाय

सगळं तपासलं, तरी एकच सांधा, आणि तोही वर जातानाच थरथरतो? मग वजन. एसजी९० चा अडकेपर्यंतचा जोर १.८ किलो-सेंटिमीटर, म्हणजे दांड्यापासून एक सेंटिमीटरवर १.८ किलो. हात १५ सेंटिमीटर, टोकाला चिमटा आणि त्याचा सर्व्हो मिळून ६० ग्रॅम: ०.९ झाले. हाताचं स्वतःचं वजन ५० ग्रॅम, मध्यावर धरलं तर आणखी जवळजवळ ०.४. म्हणजे १.३, आणि अजून खोडरबर उचललेलं नाही. अडकण्याच्या जोराच्या निम्म्यापर्यंतच काम घ्यावं. खांद्याला एमजी९९६आर हा मोठा सर्व्हो लावा, पण त्याची भूक अडीच अँपिअरपर्यंत जाते, तेव्हा वरचा ताकदीचा भाग परत वाचा. किंवा खांद्याच्या मागून एक रबरबँड ताणून हाताचं अर्धं वजन त्याच्यावर टाका. दिसायला गावठी, पण काम चोख.

सर्व्हो काढून हाताने हळू फिरवताना एका जागी कट् असा आवाज येत असेल तर आतल्या प्लॅस्टिकच्या गिअरचा दात गेला. तो दुरुस्त करत बसू नका, बदला. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला घ्यायला गेलात तर "१८० चा द्या" असं सांगून घ्या. तसाच दिसणारा, सतत गोल फिरणारा प्रकारही मिळतो. त्याला कोन सांगितला तर तो वेग समजतो आणि फिरतच सुटतो, आणि मग परत पहिल्यापासून सगळं तपासत बसाल. नव्याला आधी ९० अंशावर आणा, मगच वरचा पांढरा हॉर्न (दांड्यावर बसणारी पट्टी) बसवा. एक दात चुकला की सतरा-अठरा अंशांचा फरक पडतो.

पंख्याच्या भुतावाल्या त्या मुलीने प्रदर्शनाला साबणाच्या दोन डब्या नेल्या होत्या. नवी रोबोला लावलेली, आणि जुनी, पुलअप नसलेली, पिशवीत. परीक्षकांनी "अडचण काय आली?" असं विचारल्यावर तिने जुनी डबी जोडली आणि मंडपातला टेबलफॅन लावला. हात आपोआप वर गेला. परीक्षक दोन पावलं मागे सरकले.